पहिला पेला

पाणी सोडायचं काम ज्याच्या घरात, त्याच घरानं पहिला पेला प्यायचा, ही रीत कुणी कुठं लिहून ठेवली नव्हती. पण ती मोडायची कुणाची टापही नव्हती. सकाळी टाकीखालच्या व्हॉल्व्हचं चाक फिरलं की नळकोंडाळ्यावरचा नळ आधी खोकायचा, मग थुंकायचा आणि मग एकदाचा गळा मोकळा करून वाहायला लागायचा. पाणीवाला पिशवीतून चेपलेला पितळी पेला काढायचा, काठोकाठ भरायचा आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घटाघटा रिकामा करायचा. तोंड पुसून म्हणायचा, "हं, लावा." मग घागरींची जी झुंबड उडायची ती विचारू नका.

झुंबड आवरायचं काम त्याच्या पोरीचं. तिला सगळं गाव टिटवी म्हणायचं, अगदी शाळेतले मास्तरसुद्धा. दप्तर पाठीला आणि वेणी अर्धवट घातलेली, अशी ती नळापाशी उभी राहायची आणि तिची टकळी सुरू व्हायची.

"आजी, ही घागर आहे की हत्ती? मागच्यांना काय सोंड चाटायला देणार?"

"मेले, जीभ आहे की कात्री!" म्हणत शेजारची आजी हसायची आणि घागर उचलायची.

त्या वर्षी मात्र हसण्यावारी न्यायची वेळच संपली. विहिरीचा तळ दिसायला लागला. पंप पाणी कमी आणि वारा जास्त ओढायला लागला. टाकी अर्धीसुद्धा भरेना. नळकोंडाळ्याच्या रांगेतल्या पहिल्यांना घागर मिळायची, मधल्यांना कळशी, आणि शेवटच्या आळीच्या वाट्याला नळाची नुसती शीळ. त्या शेवटच्या आळीत वेल्डर राहायचा. हातातल्या मशीनपेक्षा त्याच्या तोंडातून जास्त ठिणग्या उडायच्या, म्हणून त्याचं नाव ठिणगी.

एके दिवशी बायको तिसऱ्यांदा रिकामी कळशी घेऊन परतली, तेव्हा ठिणगी तरातरा नळावर आला. "आमच्या पोरांनी काय थुंकी गिळायची? थांबा, टाकीत विषच कालवतो! मग बसा सगळे सारखे!"

"कालव, कालव," आजी म्हणाली. "आधी टाकीत पाणी तर असू दे."

लोक हसले. ठिणगीसुद्धा घरी जाईपर्यंत निवला. बोलणं तिथंच विरायचं, पण तसं व्हायचं नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या एका सकाळी पाणी समितीचे अध्यक्ष टाकीवर चढले. गडी जाडजूड, शिडी कुरकुरायला लागली. पण पाणी किती उरलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खाली पाणीवाल्यानं नुकताच पहिला पेला संपवला होता. "अहो, मी बघून सांगतो की! तुम्ही कशाला?" असं तो दोनदा म्हणाला. अध्यक्ष वर पोचले, झाकणापाशी वाकले आणि तिथूनच त्यांनी आरोळी ठोकली.

"कुलूप तोडलंय! अरे, कुणीतरी कुलूप कापलंय! नळ बंद करा! पाणी ओतून टाका!"

कोयंड्यात कुलूप नीट अडकवलेलं होतं, खालून बघणाऱ्याला बंदच वाटावं असं. पण त्याची कडी कापलेली होती आणि कापलेली जागा ताज्या दातासारखी चमकत होती.

बायकांनी भरलेल्या घागरी तिथंच पालथ्या केल्या. टिटवीच्या आईनं तिच्या हातातली कळशी हिसकावून फेकली. इतका वेळ एकमेकांच्या पायांवर पाय देणारी माणसं आता ओल्या जमिनीपासूनही लांब सरली. आणि मग सगळ्यांच्या माना एकदम पाणीवाल्याकडे वळल्या. त्याच्या हातात अजून पेला होता. रिकामा.

"प्यायला," कुणीतरी हळूच म्हणालं.



त्याला आंब्याच्या झाडाखाली खाटेवर निजवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. नाडी, जीभ, डोळे सगळं तपासून म्हणाल्या, "सध्या तर ठीक आहे. पण नजर ठेवा." बाईंनी सांगितलं एक आणि गावानं केलं भलतंच. अख्खं गाव खाटेभोवती जमलं आणि बघत बसलं. पाणीवाला खोकला की मागचे पुढे सरकायचे. त्यानं पोटावर हात ठेवला की बायका पदर तोंडाला लावायच्या. एक पोरगं झोप येऊन रडायला लागलं, तर त्याची आई म्हणाली, "थांब ना जरा, काका काय करतात बघू."

"काही होतंय का रे?" आजीनं विचारलं.

"तुम्ही सगळे बघताय त्याचंच होतंय," पाणीवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात ठिणगीला दंडाला धरून आणलं. त्याच्या दुकानात पातं सापडलं होतं, लोखंड कापायचं. वेल्डरच्या दुकानात दुसरं काय सापडणार, हळदीकुंकू? पण विष कालवीन म्हणालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"पातं माझंच आहे!" ठिणगी ओरडला. "पण काल ते ह्यानंच नेलं होतं. ह्या पाणीवाल्यानं! विचारा त्याला."

पाणीवाला उठून बसला. "नेलं होतं," तो म्हणाला. "आणि संध्याकाळीच परत दिलं होतं."

"कशाला नेलंस?" अध्यक्षांनी विचारलं.

"बादलीची कडी अडकली होती. ती कापायला."

"आणि टाकीची किल्ली?"

"घरी आहे. खुंटीला."

ठिणगी त्याच्याकडे बघत राहिला. जो माणूस गावासाठी रोज पहिला पेला पितो, त्याच्या शब्दापुढं ठिणगीच्या शब्दाला कोण विचारतो? पोलीस ठिणगीला घेऊन गेले. त्याची बायको गाडीमागं धावत गेली. एक पाय अनवाणी, दुसऱ्यात चप्पल.

टिटवी घरी गेली. तिनं पहिल्यांदा खुंटी बघितली. खुंटीवर नुसती चाळणी होती. मग तिनं बादली बघितली. बादलीची कडी अख्खी होती. बाबांच्या खिशात असेल किल्ली, तिनं स्वतःला समजावलं. बादली दुसऱ्या कुणाची असेल.

शहरातून तपासणीची गाडी आली. हातमोजे घातलेल्या माणसांनी बाटल्यांत पाणी भरून घेतलं आणि सांगितलं, टाकी पूर्ण रिकामी करा, आतून घासा. टाकी खाली करायचा नळ उघडला. सगळं गाव ज्यासाठी भांडत होतं, ते पाणी रस्त्यावरून वाहत निघालं. उन्हात चमकत, धुळीला गिळत, चाकोऱ्यांतून वळणं घेत. पोरं पाय घालायला धावली, आयांनी दंड धरून मागं ओढली. एक कुत्रं मात्र मनसोक्त प्यालं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. कुत्र्यानं अंग झटकलं आणि सावलीत जाऊन झोपलं.

"कुत्र्याचं काय सांगता," आजी म्हणाली, "त्याला दगड पचतो."

टाकीच्या तोंडातून आत उतरायला सडपातळ माणूस लागायचं. दरवर्षी पाणीवालाच उतरायचा.

"मीच उतरतो," तो म्हणाला.

"छे! डॉक्टरीणबाईंनी तुला आराम सांगितलाय," अध्यक्ष म्हणाले.

"मला काही झालेलं नाही. मीच उतरणार. दुसऱ्या कुणाला आतलं कळत नाही."

"घासायला काय कळायला लागतं? तुझी बायको आणि पोरगी उतरतील. तू वर बस."

"मी सांगतोय ना, मी उतरतो म्हणून!" तो इतक्या जोरात ओरडला की अध्यक्षांची भुवई वर गेली. मग तो शिडी धरून राहिला.

आई आधी उतरली, मग टिटवी. आत ओला गारवा होता आणि शेवाळाचा वास. तळाला घोट्याएवढा मऊ, काळपट गाळ. लहानपणी एकदा ती इथं उतरली होती तेव्हा "कुऽऽ" करून टाकीला बोलायला लावलं होतं, आणि टाकी किती वेळ बोलत राहिली होती! आज ती बोलली नाही. झाडूच्या खरखराटाचाच आवाज वर जाऊन परत अंगावर येत होता. आई पलीकडच्या भिंतीशी पाठमोरी घासत होती. टिटवीनं खराट्यानं गाळ ओढला आणि पायाच्या बोटांना काहीतरी टोचलं.

तिनं हात घातला. किल्ली होती. किल्लीला निळी रिबीन होती, गाळानं काळी पडलेली. पण गाठ तिनंच मारलेली होती. वेणीची जुनी रिबीन. "आता नाही हरवायची, बाबा," असं म्हणून तिनंच ती उन्हाळ्याच्या तोंडाला बांधून दिली होती. कारण आधीची किल्ली हरवली तेव्हा अध्यक्ष भर सभेत म्हणाले होते, "पुन्हा हरवली ना, तर किल्लीबरोबर तुलाही बाहेर शोधायला लागेल." सभा खदखदून हसली होती. बाबाही हसले होते, सगळ्यांत शेवटपर्यंत.

तिनं वर बघितलं. टाकीच्या तोंडातून उजेडाचा गोल खाली पडला होता आणि त्या गोलात बाबांचं डोकं होतं. चेहरा दिसत नव्हता, नुसता काळा आकार. पण ते तिच्याच मुठीकडे बघत होते, हे तिला कळलं. काय काय झालं असेल ते सगळंच तिला उभ्या उभ्या कळलं. झाकण उघडताना किल्ली आत पडली. कुलूप काय, नुसतं दाबलं की लागतं, ते बाबांनी लावून टाकलं. मग पाण्यात जंतू मारायची पावडर टाकायची वेळ आली आणि उघडायला किल्लीच नाही. म्हणून पातं आणलं. सकाळी दुकान उघडलं की नवं कुलूप आणून गुपचूप लावलं असतं. अध्यक्ष चढले नसते तर.

"काय सापडलं का गं?" शिडीवरून अध्यक्षांचा आवाज आला.

"काही नाही," टिटवी म्हणाली. "गाळ."

गाळ, गाळ, गाळ, टाकी म्हणत राहिली.

तपासणीत पाणी चांगलं निघालं. विष नाही, काही नाही. ठिणगीला सोडून दिलं. टाकीभोवती काटेरी तार आली, कोयंड्यावर मुठीएवढं कुलूप आलं, किल्ली अध्यक्षांच्या गळ्यात गेली. दांडकी घेतलेले तरुण आळीपाळीनं टाकीखाली बसायला लागले आणि पाखरू बसलं तरी "कोण आहे?" म्हणून ओरडायला लागले. विहीर थोडी सावरली आणि टाकी पुन्हा भरली.

पण भीती तपासणीच्या कागदानं जाते होय? एकीला पाणी कडू लागलं, दुसरीला त्याला वास आला, तिसरीच्या पोराला जुलाब झाले. तसे ते दर उन्हाळ्यात व्हायचेच. लोक पाणी भरायचे आणि घरी नेऊन बघत बसायचे. रोज सकाळी सगळे पाणीवाल्याच्या पेल्याकडे डोळे लावायचे. पूर्वी त्याच्या पिण्याकडे कुणाचं लक्षही नसायचं. आता तो पेल्यात घोटभरच पाणी घ्यायचा, तोंडाला लावायचा आणि 'लावा' म्हणायच्या जागी नुसता हात हलवायचा, तरी लोक थांबायचे. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का, पाय लटपटतात का, हे बघून मगच पहिली घागर पुढं यायची.

आणि ठिणगीची बायको सगळ्यांच्या शेवटी. तिनं नळाला हात लावायचा नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलं होतं. दुसरं कुणीतरी तिच्या घागरीत उंचावरून पाणी ओतायचं. निम्मं बाहेर सांडायचं. ती ओले पाय घेऊन उभी राहायची. ठिणगीच्या दुकानात कुणी नांगराचा फाळही घेऊन जाईना.

टिटवीनं रांगेला टोमणे मारायचं सोडलं. किल्ली दप्तराच्या तळाशी, कंपासपेटीत होती. मास्तर म्हणाले, "टिटवी, तुझी वाचा बसली की काय?" वर्ग हसला. ती घरी आली आणि आईच्या पुढ्यात बसली.

"आई, टाकीत मला..."

"तुला गाळ सापडला," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. ती कणीक तिंबत होती, आणि मुठी जरा जास्तच जोरात पडत होत्या. "मी ऐकलं होतं. आपल्याला पोट आहे, टिटवी."

"त्यांना नाही का?"

आईचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

शाळेत जाताना पंपाच्या खोलीमागून एक पायवाट जायची. एका सकाळी तिथं तिला हिरवं दिसलं. सगळं रान भाजून करपलेलं, आणि भिंतीच्या पायाशी तळहाताएवढं कोवळं गवत! ती वाकून बघत होती तेवढ्यात पावलं वाजली. बाबा आले. गाल फुगलेले. त्यांनी तिला बघितलं आणि थबकले. पण तोंडात धरून ठेवलेलं पाणी काही त्यांना गिळता आलं नाही. त्यांनी ते गवतावर सोडलं.

रोज. रोजचा पहिला पेला इथं येत होता.

"बाबा," तिचा आवाज चिरकला. "पाणी चांगलं आहे. तुम्हाला तर माहीत आहे ना! कुलूप तर तुम्हीच..."

ते भिंतीला टेकून खाली बसले. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

"कुलूप मी तोडलं," ते म्हणाले. "पण झाकण रात्रभर उघडंच होतं गं. मी घरी येऊन झोपलो. मागून कोण आलं, कोण गेलं, मला तरी काय माहीत?"

"पण ते पाणी तर ओतून दिलं! टाकी मी घासली!"

"कळतं मला. डोक्याला कळतं." त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "ह्याला कळत नाही. पेला तोंडाला लावला की मला कुणीतरी शिडी चढताना दिसतं. रोज चढतं. तोंड दिसत नाही."

"ठिणगीकाका नाही ना ते?"

"नाही," बाबा म्हणाले. "तो नाही, एवढंच मला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी आळीत हातगाडी उभी राहिली. ठिणगीनं मशीन विकलं होतं, हातोडे विकले होते. गाडीवर गाद्या, भांडी आणि वर उलटी ठेवलेली पोराची तीनचाकी. "सासुरवाडीला जातोय," तो कुणालातरी सांगत होता. "तिथं निदान शिव्या तरी ओळखीच्या." त्याची बायको वाटेसाठी एक घागर भरून घ्यायला नळावर आली आणि नेहमीसारखी शेवटी उभी राहिली.

नळ खोकला, थुंकला, वाहायला लागला.

"बाबा, आज मी भरते पेला," टिटवी म्हणाली.

त्यांनी पेला दिला. तिनं पाठ फिरवली, कंपासपेटी उघडली आणि पेल्यात आधी जे टाकायचं ते टाकलं, मग त्यावर नळ धरला. पितळेवर लोखंड वाजलं, पण घागरींच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. बाबांनी मात्र ऐकलं.

तिनं पेला दोन्ही हातांनी पुढं केला. त्यांनी आत बघितलं. पाण्यात निळी रिबीन हळूहळू उलगडत होती.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती एरवी किती बोलायची! आता नुसती उभी होती, डोळे त्यांच्यावर रोखून. तिला वाटलं, ते पेला ओतून देतील. किल्लीसकट गटारात, आणि सगळं पुन्हा होतं तसं होईल. एक क्षण त्यांचा हात कललासुद्धा.

"पी की रे," आजी करवादली. "उन्हं वर आली."

ते प्यायले. पहिला घोट घशाशी अडकला, डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा ताणल्या, अंग शहारलं. पण त्यांनी तो खाली ढकलला. मग दुसरा. मग तिसरा. किल्ली दातांवर आपटली तेव्हा पेला रिकामा झाला होता. त्यांनी तो तळहातावर पालथा केला आणि हात वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"ही टाकीत पडली होती," ते म्हणाले. "कुलूप मी कापलं. ठिणगीच्या पात्यानं. तो खरं बोलत होता."

नळाखाली कुणीतरी आधीच सरकवलेल्या घागरीत पाणी पडायचा आवाज तेवढा येत राहिला. ती भरली, उतू गेली, तरी कुणी नळ बंद केला नाही. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला, पण त्यांच्या आधी ठिणगीच रस्त्यावरून चालत आला. लोक बाजूला झाले. आता हा मारणार, असं सगळ्यांना वाटलं. पाणीवाल्यालाही वाटलं असावं, कारण त्यानं डोळे मिटून घेतले.

ठिणगीनं त्याच्या तळहातावरची किल्ली उचलली, उलटसुलट करून बघितली.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला. आवाजात ठिणगी नव्हतीच, नुसती राख होती. "अरे, मला सांगितलं असतंस तर कुलूप न कापता उघडून दिलं असतं. पाच मिनिटांचं काम."

त्यानं किल्ली परत त्याच हातावर ठेवली आणि गाडीकडे वळला.

त्याची बायको मात्र पुढं आली. रांग आपोआप फाटली. तिनं नळाला हात लावला. आपल्या स्वतःच्या हातानं चांगला घट्ट धरून. पाणीवाल्याकडून पेला घेतला, विसळला, भरला आणि सगळ्यांकडे बघत सावकाश प्यायली, एकही थेंब न सांडता. मग आपली घागर काठोकाठ भरून डोक्यावर चढवली.

"हं," ती म्हणाली. "लावा."

गाडीची चाकं वाजत गेली ती वळणापर्यंत ऐकू येत होती.

पाणीवाल्याचं काम गेलं, ते जाणारच होतं. नव्या माणसाला रीत शिकवायला कुणी उरलं नाही. तो व्हॉल्व्ह फिरवून विडी पेटवायचा. पंपाच्या खोलीमागचं गवत पिवळं पडलं. लोकांना वाटलं होतं, तोडणारा सापडला की भीती जाईल. पण आधी भीतीला ठिणगीचं तोंड तरी होतं. आता तिला तोंडच उरलं नाही. झाकण एक रात्रभर उघडं होतं, एवढंच सगळ्यांना कळलं होतं.

टिटवी आता रांगेत उभी राहते, सगळ्यांच्या शेवटी, ठिणगीची बायको उभी राहायची तिथं. अधूनमधून तिची जीभ सुटते, आजीची टर उडवते. पाणी घरी आणून माठात ओतते. बाबा मजुरीवरून येतात, दमलेले, घामेजलेले. माठाचं झाकण काढतात, पण लगेच पेला बुडवत नाहीत. आधी वाकून आत बघतात.

"काय बघताय, बाबा?"

"काही नाही," ते म्हणतात.

मग टिटवीच पुढं होते. पेला बुडवते, त्यांच्या समोर उभी राहून आधी स्वतः अर्धा पिते, आणि उरलेला त्यांच्या हातात देते.